तो साचा मी फोडला

फाउंड्रीत अठ्ठावीस वर्षं काढली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझे हात बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे लोखंड वितळवायचं काम का?" अहो, वितळवायचं काम भट्टीवाल्याचं. मी मोल्डर, म्हणजे साचे करणारा. वितळलेलं लोखंड ज्याच्या पोटात ओततात, तो वाळूचा साचा आम्ही बांधतो. लाकडी नमुना पेटीत ठेवायचा, भोवती ओलसर वाळू ठासायची, नमुना अलगद उचलायचा, आणि मागं जी पोकळी राहते तिच्यात धातू सोडायचा. धातू थंड झाला की साचा फोडायचा आणि माल बाहेर काढायचा. एवढंच काम. पण नमुना उचलताना हात गव्हाच्या दाण्याएवढा जरी थरथरला, तरी दिवस वाया.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं कारखान्यातले अनुभव मागितलेत. आता पंपाची घरं किती ओतली आणि गिअरबॉक्सची किती, हे सांगत बसलो तर वाचक पान उलटून थेट राशिभविष्यावर जाईल. म्हणून मी माझ्या नोकरीतले असे अठरा दिवस सांगणार आहे, जे मी कारखान्याच्या बाहेर काढले. त्या अठरा दिवसांत मी एकच साचा फोडला. जन्मात हजारो फोडले असतील, त्यातल्या एकाचंही तोंड मला आठवत नाही. हा मात्र तुकड्या-तुकड्यानं पाठ आहे.

त्याआधी आमच्या उस्तादांबद्दल सांगायला हवं. कोल्हापूरकडचे होते, पिढीजात ओतारी. त्यांचे वाडवडील मेणाचे नमुने करून देवळांच्या घंटा आणि समया ओतायचे. कारखाने आले तसे उस्ताद आमच्याकडं आले. मी नवा असताना एकदा इतका देखणा साचा केला की धातू ओतून थंड झाला तरी मला तो फोडवेना. नुसता बघत उभा राहिलो. उस्ताद मागून आले, माझ्या हातातला हातोडा घेतला आणि एका दणक्यात त्याचा भुगा केला. म्हणाले, "आरं, नारळ फोडल्याबिगार खोबरं मिळतंय व्हय? कवटी फेकायची. जीव लावायचा तर मालावर लाव, साच्यावर न्हाई." हे वाक्य माझ्या डोक्यात नाही, हातात जाऊन बसलं. आणि हातात बसलेली गोष्ट काढणं फार अवघड असतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी तेव्हा आकुर्डीत राहत होतो. आमच्या कॉलनीच्या वाचनालयात पुण्याच्या एका संस्थेतले प्राध्यापक व्याख्यानाला आले. भिंतीवर पांढरी चादर लावून त्यांनी उत्खननाची चित्रं दाखवली. शेवटी म्हणाले, येत्या मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर, एका जुन्या बंदराच्या जागी विद्यार्थ्यांचं उन्हाळी शिबिर आहे. कष्टाची तयारी असलेले स्वयंसेवकही हवे आहेत. जेवण आणि झोपायची सोय होईल, बाकी काही मिळणार नाही. माझा हात वर गेला तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटलं.

घरी शांतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वर्षभर वाळू उपसता आणि रजा काढून माती उपसायला जाणार. चला, तेवढाच बदल!" तिनं मुलांना घेऊन राजगुरुनगरला माहेरची वाट धरली. चऱ्होलीला माझे चुलते होते, त्यांचा निरोप घ्यायला गेलो तर ते म्हणाले, "पगार न्हाई, भत्ता न्हाई, आन् कोकनात जाऊन उन्हात ख्वादायचं? आरं, मंग आपलं वावार काय वंगाळ हाय?" मी हसून वेळ मारून नेली. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. मी जे करतो ते संध्याकाळपर्यंत फुटलेलं असतं. दोन-दोन हजार वर्षं टिकलेली माणसाच्या हातची वस्तू एकदा हातात घेऊन बघायची, एवढीच माझी हौस होती.

खाडीच्या काठी एक टेकाड होतं, त्याच्या पलीकडं माडांची रांग आणि मग समुद्र. एके काळी इथं गलबतं लागायची असं ते प्राध्यापक, म्हणजे आमचे सर, सांगत. आता खाडी गाळानं भरली होती आणि बंदराच्या नावावर चार होड्या होत्या. गावातल्या शाळेत आम्ही मुक्कामाला होतो. पहाटे उठून टेकाडावर जायचं, ऊन डोक्यावर आलं की परत यायचं. घाम असा की कपडे काढून पिळावेत. भट्टीसमोरची गरमी मला सवयीची, पण ती कोरडी असते. इथली अंगाला चिकटून बसते.

खोदणं म्हणजे कुदळ घेऊन खणत सुटणं असं मला वाटलं होतं. तसलं काही नव्हतं. दोऱ्या बांधून जमिनीवर चौकोन आखलेला असतो, त्याला ट्रेंच म्हणतात. त्यातली माती थापीनं, ब्रशानं, अक्षरशः साय काढावी तशी थराथरानं काढायची. काही दिसलं की हात थांबवायचा. ते जागेवर असतानाच त्याचं मोजमाप घ्यायचं, चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, वहीत लिहायचं, आणि मगच उचलायचं. कारण वस्तू कशाशेजारी होती, कोणत्या थरात होती, उताणी होती की पालथी, यावरच तिची सगळी गोष्ट कळते. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम भरला होता, "नोंद न होता ज्या ट्रेंचमधली वस्तू हलली, ती ट्रेंच मी त्या दिवशी बंद करीन. मग तिथं सोनं निघत असलं तरी."

मला विजयाताईंच्या ट्रेंचवर दिलं होतं. सोलापूरची मुलगी, पीएच.डी. करत होती, वय असेल चोवीस-पंचवीस. टेकाडाचा पूर्वेकडचा कोपरा तिनं सरांशी वाद घालून मागून घेतला होता. सरांच्या मते तो कोपरा रिकामा होता. तिचं म्हणणं, तिथं जळकी माती वर आलीय, काहीतरी उद्योग चालत असणार. शिवाय त्या जागेचा मालक पावसाळ्यात तिथं आंब्याची कलमं लावणार होता. म्हणजे जे काय शोधायचं ते याच उन्हाळ्यात. पुढच्या वर्षी तिथं खणायला कोणी देणार नव्हतं, आणि तिचा सगळा प्रबंध त्या एका कोपऱ्यावर बेतलेला होता. घमेली वाहायला गावातले तात्या होते, साठीचे, सुपारीसारखे टणक.

पहिले आठ दिवस माझी नुसती चैन होती. मोल्डर वाळू मुठीत दाबून पारखतो. मूठ उघडली की गोळा तुटतो कसा, बोटांच्या खुणा उमटतात कशा, यावरून ओल किती आणि चिकणमाती किती हे कळतं. ट्रेंचमध्ये एका ठिकाणी माती रंगानं सारखीच दिसत होती, पण मुठीत धरली तर वेगळी. मी म्हणालो, "ताई, ही मूळची नाही, कोणीतरी खड्डा करून पुन्हा भरलाय." ब्रश मारला तर खरंच जुन्या खड्ड्याची कड निघाली. सर मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, "घोलप, तुमच्या मुठीत प्रयोगशाळा आहे." झालं! त्या दिवसापासून मी हवेत. इतर ट्रेंचवरची पोरं माती दाखवायला यायची आणि मी डॉक्टर नाडी बघतो तशी ती मुठीत धरून बघायचो. अति तिथं माती म्हणतात ना, ते मला शब्दशः लागू पडायचं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी विजयाताईंना सरांनी खापऱ्या बघायला बोलावलं. जाताना मला म्हणाल्या, "घोलपभाऊ, फक्त ब्रश मारा. काही लागलं तर मला हाक मारा."

त्या गेल्या आणि पाचच मिनिटांत लागलं. नारळाएवढा भाजक्या मातीचा गोळा. एका बाजूला चीर, आणि त्या चिरेतून हिरवा ठिपका. मी खाली बसलो. हिरवं म्हणजे तांबं किंवा काशाचं काहीतरी. गोळा उचलून बघितला, मातीच्या मानानं जड. आणि वाचकहो, यापुढचं मी केलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, ते माझ्या हातांनी केलं. पंधरा वर्षं रोज पोटात धातू असलेली भाजकी माती समोर आली की त्यांनी जे केलं तेच केलं. थापीची मूठ उलटी धरली आणि टक् टक् टक् असे तीन ठोके दिले. नेमके कुठं द्यायचे ते हातांना माहीत होतं. गोळा सरळ उमलला. बोटांनी माती सोलली, राहिलेली थापीच्या टोकानं उडवली, कवट्या घमेल्यात टाकल्या. तात्या घमेलं उचलून ढिगाकडं गेले. माझ्या तळहातावर हिरवीगार, वाटीसारखी वस्तू राहिली, बुडाला एक कडी असलेली. माझा आनंद गगनात मावेना. मी ओरडलो, "विजयाताई, या लवकर! माल निघाला!"

त्या धावत आल्या. माझ्या हातातली वाटी त्यांनी पाहिली, मग ट्रेंचमधली रिकामी जागा पाहिली.

"हे कशात होतं?" त्यांनी विचारलं.

"मातीच्या साच्यात. ओतीव आहे ना."

"साचा कुठं आहे?"

"तो? तो फोडला की."

मी हे असं म्हणालो, जसं कोणी म्हणेल, केळं सोललं की. त्या ट्रेंचच्या कडेला मटकन बसल्या. तेवढ्यात तात्या रिकामं घमेलं घेऊन परत आले आणि आमच्याकडं बघून म्हणाले, "काय झाला वो? ती माती मी वतून पन आलो."

ताईंनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या इतक्या हळू आवाजात बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं. "घोलपभाऊ, धातूच्या वस्तू आम्हाला सापडतात. साचा सापडत नाही. वस्तू काढायची तर साचा फोडावाच लागतो, म्हणून सगळे साचे त्या काळीच फुटले. न फोडलेला साचा, आत धातू तसाच असलेला, हे मी कधी पाहिलं नाही. सरांनीही पाहिलं नसेल." मग वही काढून त्यांनी शांतपणे लिहिलं. मी वाचलं ते असं होतं: माझ्या ट्रेंचमधील भाजक्या मातीचा साचा माझ्या हलगर्जीपणामुळे नोंदीपूर्वीच फुटला. खाली सही, विजया.

माझी पाचावर धारण बसली. तरी लाज सोडून खरं सांगतो, त्या क्षणी मी गप्प बसलो.

संध्याकाळी शाळेच्या पडवीत सगळे जेवायला बसले होते. सरांनी ती वही मागवून वाचली. म्हणाले, "विजया, नियम तुला माहीत आहे. ट्रेंच उद्यापासून बंद. तू खापऱ्या धुण्याच्या कामावर ये." ती "हो सर" म्हणाली आणि पानातला भात चिवडत राहिली.  

आमच्या फाउंड्रीत एक रीत होती. प्रत्येक मोल्डर आपल्या साच्यात आपला नंबर उमटवायचा, म्हणजे तो मालावर उठायचा. माल खराब निघाला की फोरमन तो शिफ्टच्या मधोमध आणून ठेवायचा आणि विचारायचा, "कुणाचा?" नंबर सगळ्यांना दिसत असायचा, तरी विचारायचा. ज्याचा असेल त्यानं पुढं येऊन "माझा" म्हणायचं. जो म्हणायचा नाही, त्याच्याशेजारी बसून कोणी डबा खायचं नाही. मी ताटावरून उठलो.

"सर, तो साचा मी फोडला. ताई तिथं नव्हत्या. त्यांनी मला हात लावू नका म्हणून बजावलं होतं."

सर म्हणाले, "घोलप, तुम्ही पाहुणे. ट्रेंच जिची, जबाबदारी तिची."

"असं कसं सर? रिजेक्ट माझा आणि मेमो दुसऱ्याला?" माझा आवाज चढला. आवाज चढणं हा आमच्या भट्टीवरच्या माणसांचा दोषच आहे, तिथं हळू बोललेलं ऐकूच येत नाही. "मला हाकला, आत्ता हाकला. पण त्याआधी दोन दिवस द्या. ढिगातून तुकडे काढतो आणि साचा होता तसा उभा करून देतो."

"कशाच्या आधारावर उभा कराल? इथं भाजक्या मातीचे तुकडे पावलापावलावर आहेत. त्यातला साच्याचा कोणता, चुलीचा कोणता?"

"सर, बाकी काहीही विचारा. साच्याचा तुकडा कोणता, हे मला विचारू नका."

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "परवा दुपारपर्यंत. तोवर ट्रेंचवर ताडपत्री राहील. साचा उभा राहिला नाही तर बुजवायला घेऊ."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तात्या, ताई आणि मी ढिगावर चाळण्या घेऊन बसलो. तात्यांनी घमेलं नेमकं कुठं ओतलं ती जागा दाखवली, पण त्यावर आणखी पंधरा-वीस घमेली पडली होती. दुपारपर्यंत भाजक्या मातीचे दोनशे तरी तुकडे जमले. आता माझी पारख. मेणाचा साचा कसा करतात हे उस्तादांनी मला एकदा त्यांच्या बैलासाठी घंटी ओतून दाखवलं होतं. मेणाचा नमुना करायचा, त्यावर आधी वस्त्रगाळ मातीचा पातळ लेप, त्यावर भाताचं तूस मिसळलेल्या जाड मातीचा लेप. भाजताना मेण वाहून जातं, तूस जळून बारीक छिद्रं राहतात, आणि त्या छिद्रांतून धातूचा वायू निघून जातो. म्हणजे साच्याच्या तुकड्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी तुसाच्या खुणांची. चुलीच्या मातीत असं काही नसतं. मी डोळे मिटून अंगठा फिरवायचो आणि म्हणायचो, हा आहे, हा नाही, हा नाही. ताईंनी दोनदा माझी परीक्षा घेतली, टाकलेला तुकडा पुन्हा हातात ठेवून. मी म्हटलं, "ताई, हा मघाचाच. चेष्टा नको." त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या.

एकतीस तुकडे निवडले. ताई खापऱ्या जोडतात तशा कडेला कड लावून बघत होत्या आणि ते काही जुळेना. मग मला दुसरी गोष्ट दिसली. काही तुकड्यांची आतली बाजू काळीकरडी होती आणि काहींची नुसती विटकरी. जिथं तापलेला धातू मातीला लागतो तिथं माती काळवंडते. मग या विटकरी तुकड्यांना धातू लागलाच नव्हता!

"ताई," मी म्हणालो, "ही वाटी नाही. ओतता ओतताच धातू थिजलाय. साचा अर्धाच भरला. काळे तुकडे खालचे, विटकरी वरचे. खालून चढवत चला."

परातीत ओली वाळू घेतली आणि वाळूच्या आधारानं एकेक तुकडा बसवत गेलो. कोणता कुठल्या उंचीवर ते मी सांगायचो, कड कोणाला जुळते ते ताई सांगायच्या. तिचा डोळा आणि माझा अंगठा असं काम चाललं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास साचा उभा राहिला. एकोणतीस तुकडे बसले, दोन दुसऱ्याच कशाचे तरी निघाले, आणि वरच्या कडेला दोन बोटांएवढी खिंड राहिली. तो तुकडा आम्हाला शेवटपर्यंत मिळाला नाही. माझ्याच बुटाखाली त्याचा चुरा झाला असावा, असं मला आजही वाटतं आणि वाईट वाटतं.

सर आले. उकिडवे बसून त्यांनी परात सगळ्या बाजूंनी पाहिली. मी ती हिरवी वाटी कडी खाली घालून साच्याच्या तळाशी धरली. बरोबर बसली. तिच्या वर साच्याची रिकामी पोकळी होती, ती वर वर रुंद होत गेलेली.

"सर, ती पोकळी बघा. जे ओतायचं होतं ते हे आहे. घंटी आहे. खालची कडी म्हणजे बैलाच्या गळ्यात अडकवायचा कान. तोंडाकडचा भाग ओतलाच गेला नाही."

सर म्हणाले, "मी हिला परदेशातून आलेली वाटी म्हणून लिहिणार होतो." आणि मग एकदम वर बघून, "पण हा साचा इथलाच कशावरून? दुसरीकडून आणून टाकला नसेल?"

"ओतलेला साचा कोणी उचलून नेत नाही सर. जागेवरच थंड करतात. आणि पातळ धातूची मूस घेऊन माणूस दहा पावलांपेक्षा लांब चालत नाही. धातू थिजतो. याचा तर थिजलाच. म्हणजे भट्टी इथंच कुठंतरी दहा पावलांत आहे. वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. धूर आणि ठिणग्या साच्यांवर याव्यात अशी भट्टी कोणी मांडत नाही. म्हणून ती साच्याच्या पलीकडं, पूर्वेला."

सरांनी विचारलं, "पण अर्धा भरलेला साचा त्यानं तसाच का ठेवला असेल? धातू तर महाग. फोडून पुन्हा वितळवायला हवा होता."

"ते नाही सांगता येत. उद्या फोडू म्हणून गेला असेल आणि राहून गेलं असेल. त्याचं राहिलेलं काम मी पुरं केलं सर, चुकलंच माझं."

ते हसायला लागले. बारा दिवसांत मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो. उठून धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "विजया, ताडपत्री काढ. पूर्वेला दोन मीटर वाढव." ताईंनी तात्यांकडून खुंट्या हिसकावून घेतल्या आणि स्वतःच ठोकायला लागल्या.

दोन दिवस काही निघालं नाही. माझा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी ताईंच्या ब्रशाखाली तांबडीलाल भाजलेली जमीन आली, गोल, परातीएवढी. मग राख. मग धातूची मळी, आणि मुशीचं एक ठिकरं, आतून हिरवट. ज्या जागी मी सांगितलं होतं तिच्यापासून हातभर इकडं. हातभर चुकलो, पण चुकलो ते उत्तरेला, पूर्व बरोबर होती. तात्या म्हणाले, "भाऊ, तुमी काय त्यावेळी इथं कामाला व्हतात काय?" माझी छाती एवढी फुगली की शर्टाची बटणं सांभाळावी लागली. यावेळी मात्र मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा होतो. ताई मोजत होत्या, चित्र काढत होत्या, आणि त्यांनी "आता उचला" म्हणेपर्यंत मी राखेचा कण हलवला नाही.

माझी रजा संपली त्या दिवशी निघायच्या आधी ताईंनी वही माझ्यापुढं ठेवली. साच्याचं सगळं वर्णन लिहून झालं होतं, चित्रांसकट. पण त्या पानाच्या वर ती जुनी नोंद तशीच होती, माझ्या हलगर्जीपणामुळे, सही विजया.

मी म्हणालो, "ताई, हे आधी खोडा."

"वहीत खाडाखोड चालत नाही, घोलपभाऊ. चुकीची नोंदसुद्धा राहते. दुरुस्ती करायची तर खाली करायची."

"मग आणा इकडं."

मी पेन घेतलं. माझं अक्षर म्हणजे वाळूवर खिळ्यानं ओढलेलं. सावकाश लिहिलं: वरील नोंद बरोबर नाही. साचा मी फोडला. तुकडे मी आणि विजयाताईंनी जोडले. एक तुकडा गेला, तो माझ्याकडून गेला. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

सर मागं उभे राहून वाचत होते. म्हणाले, "हुद्दा राहिला. आमच्यात सहीपुढं लिहितात."

मी जरा घुटमळलो. स्वयंसेवक लिहावं की नुसता कामगार? सरांनी ओळखलं असावं. म्हणाले, "जे आहात ते लिहा."

पुढं विजयाताई डॉक्टर झाल्या, त्यांच्या प्रबंधात त्या घंटीचं चित्र आहे. ती वही संस्थेच्या कपाटात आहे. निवृत्त झाल्यावर मी आणि शांता एकदा मुद्दाम बघून आलो. त्या वहीत सह्यांपुढं कोणाच्या एम.ए. आहे, कोणाच्या पीएच.डी. आहे. एका सहीपुढं मोल्डर आहे.